घरचा संगणक म्हातारा झालाय, निकामी नाही

आमच्या घरचा संगणक २०१४ साली घेतलेला. थोरली तेव्हा पहिलीत होती. या वर्षी तिच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती आणि पडद्यावर ते निळे चक्र फिरत होते. फिरतच राहिले. दाखले, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, सगळे स्कॅन करून याच संगणकात ठेवलेले. मुलगी रडकुंडीला आली. घरातले म्हणाले, "भंगारात द्या तो डबा आणि नवा घ्या." नवा घ्या म्हणणे सोपे. महिन्याचा हिशेब ज्याच्या हातात असतो त्यालाच ते अवघड वाटते.

धाकट्याला तेवढ्यात इंटरनेटवर एक जाहिरात दिसली. 'एका क्लिकमध्ये संगणक दहापट वेगवान, तेही फुकट.' त्याने क्लिक केले. मदत करायची म्हणूनच केले बिचाऱ्याने. दहा मिनिटांत पडद्यावर लाल पाट्या झळकू लागल्या, की तुमच्या संगणकात शेकडो दोष सापडले आहेत, दुरुस्तीसाठी पैसे भरा. ब्राउझरचे पहिले पान बदलले. आधी जो संगणक रांगत होता, तो आता बसूनच राहिला. शेवटी मूळ दाखल्यांचे मोबाईलवर फोटो काढून, रात्री साडेनऊला बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन अर्ज भरला. अर्ज गेला, पण सगळ्यांच्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

दुसऱ्या दिवशी माझा भाचा आला. तो चिपळूणला संगणक दुरुस्तीचेच काम करतो. मला वाटले, आल्या आल्या स्क्रू काढायला बसेल. तो खुर्चीवर बसला, चहा घेतला आणि विचारले, "मावशी, यातले काय गेले तर तुम्ही रडाल?"

मी विचारात पडले. माझ्या मरहूम सासऱ्यांचे फोटो. त्यांच्या आवाजातले दोन रेकॉर्डिंग, जे सासूबाई अजून अधूनमधून लावायला सांगतात. मुलांच्या लहानपणाचे व्हिडिओ. गावच्या जमिनीचे सातबारे आणि जुनी कागदपत्रे. यातले काहीही दुसरीकडे कुठे नव्हते. भाचा म्हणाला, "मग वेगाचे नंतर बघू. आधी हे वाचवू."

त्या दिवशी त्याच्याकडून जे शिकले ते इथे क्रमाने देत आहे. क्रम महत्त्वाचा आहे, तो मोडू नका. घरच्या संगणकात जे साठवलेले असते ते संगणकापेक्षा किमती असते, आणि वेगाच्या नादात लोक नेमके तेच गमावून बसतात.

पहिली पायरी : जपणूक

हार्ड डिस्क ही झिजणारी वस्तू आहे. तिच्या आत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या फिरत असतात. दहा वर्षे फिरलेली चकती कधी थांबेल ते सांगता येत नाही. संगणक मंद होणे हे कधी कधी तिच्या आजारपणाचेच लक्षण असते. डिस्कमधून टकटक किंवा कटकट असा आवाज येत असेल, किंवा फाइल उघडताना संगणक वारंवार अडकत असेल, तर साफसफाईचा कोणताही उपाय करू नका. फक्त महत्त्वाचे आहे ते बाहेर काढा.

फोटो, व्हिडिओ, कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. 'कट' करू नका, 'कॉपी'च करा. मध्येच वीज गेली तर मूळ प्रत जागेवर राहते. अगदी मोजक्या गोष्टींची दुसरी प्रत इंटरनेटवर ठेवा. गुगलच्या खात्यावर १५ जीबी जागा विनाशुल्क मिळते. दाखले आणि निवडक फोटो त्यात सहज बसतात. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षे विसंबू नका. तो नेण्या-आणण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही.

कॉपी झाल्यावर दोन गोष्टी करा. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-पाच फाइली उघडून पाहा. मग ती काढून कपाटात ठेवा. सतत जोडून ठेवलेल्या डिस्कपर्यंत व्हायरसही पोहोचतो.

दुसरी पायरी : दुखणे कुठे आहे?

ताप न मोजता औषध देऊ नये, तसेच इथेही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. त्यात 'परफॉर्मन्स' या भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन आकडे दिसतात.

हे तीन काय आहेत ते भाच्याने मला स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितले. सीपीयू म्हणजे काम करणारे हात. मेमरी, म्हणजे रॅम, हा ओटा. डिस्क म्हणजे आतल्या खोलीतली कोठी. ओटा लहान असला की एक भांडे ठेवायला दुसरे उचलून कोठीत न्यावे लागते. हात कितीही चपळ असोत, निम्मा वेळ येरझाऱ्यांतच जातो. संगणकही तेच करतो. रॅम भरली की विंडोज तिथला माल डिस्कवर ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते.

संगणक चालू झाल्यावर दहा मिनिटे थांबून हे आकडे पाहा. काहीच उघडलेले नसताना डिस्क सतत १०० टक्के दाखवत असेल तर कोठी मंद आहे. दोन-तीन पाने उघडताच मेमरी ९० टक्क्यांच्या वर जात असेल तर ओटा लहान आहे. सीपीयू नेहमीच वर असेल तर 'प्रोसेसेस' या भागात कोणता प्रोग्राम त्याला खातो आहे ते दिसते. आमच्याकडे ४ जीबी रॅम होती, आणि डिस्कचा आकडा १०० वरून हलत नव्हता.

तिसरी पायरी : बिनपैशाचे उपाय

आधी धाकट्याने घातलेला तो 'बूस्टर' काढला. सेटिंग्जमधल्या 'अ‍ॅप्स'मध्ये जाऊन अनइन्स्टॉल केला, आणि मग विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरने पूर्ण तपासणी केली. त्यानंतर हे केले :

१. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' असा भाग असतो. संगणक सुरू होताना आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांची ती यादी. आमच्याकडे चौदा जण उठत होते. प्रिंटरचा मदतनीस, दोन व्हिडिओ कॉलची अ‍ॅप्स, एक गाण्यांचे, एक कधीच न वापरलेले. त्यांना 'डिसेबल' केले. याने प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. अँटिव्हायरस, आवाज आणि टचपॅड यांना मात्र हात लावू नका. ज्याचे नाव ओळखीचे नाही तेही बंद करू नका.

२. ब्राउझरमधली न लागणारी एक्स्टेन्शन्स काढा. वीस टॅब उघडे ठेवायची सवय सोडा. आजकाल घरच्या संगणकाची बहुतेक रॅम ब्राउझरच वापरतो.

३. डिस्कवर निदान १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवा. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज आणि तिथे 'टेम्पररी फाइल्स' असा रस्ता आहे. त्या यादीत 'डाउनलोड्स' हे नावही असते. त्यावर खूण असेल तर ती काढा. डाउनलोड केलेले निकाल, पावत्या, हॉल तिकिटे त्यातच असतात.

४. आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करा. विंडोज १० मध्ये रोजचे 'शट डाउन' बहुधा अर्धवट असते. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते. खरी नवी सुरुवात 'रीस्टार्ट'नेच होते.

५. तारीख आणि वेळ पाहा. दर वेळी वीज गेल्यावर संगणक जुन्याच वर्षात जात असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपला आहे. त्याचे नाव सीआर २०३२. घड्याळवाल्याकडेही मिळतो. तारीख चुकीची असली की बँकेची आणि सरकारी संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि आपण इंटरनेटला दोष देत बसतो.

६. डीफ्रॅगमेंट फक्त फिरत्या हार्ड डिस्कसाठी असते. विंडोज ते ठरावीक दिवसांनी स्वतःच करते. त्यासाठी वेगळा प्रोग्राम आणू नका.

एवढ्यावर आमचा संगणक चालू व्हायला पाच मिनिटे लागायची ती तीनवर आली. एक रुपयाही खर्च न होता.

जे करू नये ते

'बूस्टर', 'क्लीनर', 'ड्रायव्हर अपडेटर' या नावाचे बहुतेक प्रोग्राम, विंडोज जे फुकट करते तेच करतात आणि वर स्वतःचा भार टाकतात. रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्राम तर टाळाच. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची जमाखर्चाची वही. तिच्यातल्या चार जुन्या नोंदी खोडून वेग वाढत नाही, पण चुकीची नोंद खोडली तर संगणक सुरू होत नाही. अशा प्रोग्रामांना आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केले आहे. नावाजलेला प्रोग्रामही संकटात सापडू शकतो. २०१७ साली सीसीक्लीनर या प्रसिद्ध प्रोग्रामच्या एका आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता, आणि ती सुमारे २२ लाख लोकांच्या संगणकांवर पोहोचली होती.

दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. वेग वाढेल म्हणून अँटिव्हायरस किंवा अपडेट बंद करू नका. फुकटात मिळालेली चोरीची विंडोज तर नकोच. तिच्या आत काय भरून दिले आहे ते देणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय दुसऱ्याची वस्तू विनापरवाना वापरणे योग्य नाही, ते वेगळेच.

पडद्यावर 'या नंबरवर फोन करा' अशी पाटी आली तर ती खोटी समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. ब्राउझर बंद करा, बंद होत नसेल तर संगणक बंद करा. "आम्ही कंपनीतून बोलतो, तुमचा संगणक दुरुस्त करून देतो," असे सांगून कोणी दुरून ताबा घेणारे अ‍ॅप टाकायला सांगितले तर फोन ठेवा. घरात वडीलधारी माणसे एकटी असतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा. पैसे गेलेच तर लाजू नका. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

चौथी पायरी : झाडलोट

आपल्या कोकणात एकीकडे धूळ, दुसरीकडे दमट हवा. पंखा आणि त्याखालच्या जाळीत धुळीचा थर बसला की सीपीयू तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. उन्हाळ्यात दुपारी संगणक जास्त मंद वाटत असेल तर हेच कारण असू शकते.

प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. झाकण उघडा, मऊ ब्रशने हळुवार झाडा. पंख्यावर हवा मारताना पाते बोटाने धरून ठेवा. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. त्याने स्थिर वीज निर्माण होऊन भाग बिघडू शकतात. वीजपुरवठ्याची जी बंद पेटी असते ती कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही तिच्यात वीज शिल्लक असते. लॅपटॉप असेल तर हे काम कारागिरालाच द्या. आणि एरवी लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, त्याचा श्वास कोंडतो.

पाचवी पायरी : खर्च करायचाच तर इथे

जुन्या संगणकावर एकाच ठिकाणी पैसे खर्च करायचे असतील तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. एसएसडीत फिरणारे काही नसते. फिरत्या डिस्कला माहितीपर्यंत पोहोचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाएवढा वेळ. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचते, म्हणून फरक लगेच दिसतो. घरच्या कामाला २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी पुरते. दहा-बारा वर्षांच्या बहुतेक संगणकांना २.५ इंची साटा प्रकारची लागते.

ओटा लहान असेल तर रॅम वाढवा. ४ वरून ८ जीबी केली तरी घरगुती कामाला पुष्कळ झाली. मात्र डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ बसत नाही, म्हणून जुनी पट्टी दुकानात दाखवूनच नवी घ्या. तुमची विंडोज ३२ बिटची असेल तर ती ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही. सेटिंग्ज, सिस्टीम, 'अबाउट' इथे ते कळते. आधी पाहा, मग पैसे द्या.

दुकानात देताना एक गोष्ट आपल्या घरांच्या दृष्टीने फार महत्त्वाची. संगणकात घरच्या लेकी-सुनांचे फोटो असतात, आधार आणि बँकेचे कागद असतात. शक्य असेल तर आपल्यासमोर काम करून घ्या. जुनी डिस्क न विसरता परत घ्या. "बदल्यात सूट देतो" म्हटले तरी देऊ नका. ती महिनाभर कपाटात ठेवा. नव्या डिस्कवर सगळे नीट आले आहे याची खात्री झाली, की मग पुढचे बघा.

विंडोज १० चे काय?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. संगणक चालू राहतो, पण सुरक्षेची नवी ठिगळे मिळत नाहीत. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय कंपनीने ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याला शुल्क लागत नाही. विंडोज अपडेटच्या पानावर ही नोंदणी करता येते.

विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे त्यात बसतात. आमच्यासारखे २०१४ चे संगणक बसत नाहीत. आडमार्गाने विंडोज ११ घालून देणारे भेटतात, पण पुढे अपडेट मिळतील याची हमी नसते.

तिसरा मार्ग म्हणजे लिनक्स मिंट. ते विनाशुल्क आहे आणि ते वापरणे पूर्णपणे कायदेशीर आहे. त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते. मराठी आणि उर्दू दोन्ही टायपिंग करता येते. पेन ड्राइव्हवरून, संगणकातले काही न पुसता, ते चालवून पाहता येते. त्यासाठी पेन ड्राइव्ह मात्र रिकामा घ्या, कारण तयार करताना त्यावरचे सगळे पुसले जाते. प्रिंटर चालतो का, इंटरनेट लागते का, आवाज येतो का, ते आधी पाहा. मायक्रोसॉफ्ट ऑफिस किंवा विंडोजवरच चालणारा हिशेबाचा प्रोग्राम रोज लागत असेल तर मात्र हा मार्ग तुमचा नाही.

कुठे थांबावे?

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे होऊ देऊ नका. माझ्या मते, दुरुस्तीचा खर्च चांगल्या वापरलेल्या संगणकाच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर थांबावे. मदरबोर्डच बिघडला असेल तरीही थांबावे. टाकायची वेळ आली तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. त्याआधी, सगळ्याच्या दोन प्रती झाल्या आहेत ना ते पाहून, फिरत्या हार्ड डिस्कला 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर मागे राहतो आणि जाणकाराला तो परत काढता येतो.

आमच्या संगणकात एसएसडी आणि ४ जीबी रॅम बसवली. आता तो अर्ध्या मिनिटाच्या आत उठतो. सध्या विंडोज १० चीच नोंदणी करून ठेवली आहे. ती मुदत संपली की मिंट घालायचे, असे थोरलीने ठरवले आहे. दोन्ही मुले त्यावर अभ्यास करतात, कुवेतहून दिराचा व्हिडिओ कॉल आला की सगळे त्याच्यापुढे बसतात. भाच्याने मजुरी घेतली नाही, जेवून मात्र गेला.

जाताना त्याने बाहेरची हार्ड डिस्क माझ्या हातात दिली. मी ती कागदपत्रांच्या पेटीत, घराच्या खरेदीखताशेजारी ठेवली. त्या संध्याकाळी सासूबाईंनी रेकॉर्डिंग लावायला सांगितले. लगेच लागले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पदर डोळ्यांना लावला. ते दोन रेकॉर्डिंग त्या लाल पाट्यांच्या दिवशी गेले असते तर मी त्यांना काय सांगणार होते, याचा विचार अजूनही नको वाटतो.

म्हणून वाचक भगिनी-बंधूंनो, बाकी काही जमले नाही तरी येत्या सुट्टीच्या दिवशी एवढे करा. घरच्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि भाच्याने मला विचारले तेच विचारा, यातले काय गेले तर आपण रडू? जे उत्तर येईल त्याची त्याच दिवशी दुसरी प्रत करा. संगणकाचा वेग त्यानंतर वाढवला तरी चालेल.